सांधा

ओजसने नकाशा काढून आणला,
संगणकावरचा, भिंतींना तिरकी सावलीसुद्धा पाडलेली.
पश्चिमेला, लिंबोणीच्या अलीकडे,
दहा बाय बाराची खोली,
आणि तिला वेगळं दार.
"मामा त्यांच्या वेळेला येतील-जातील," म्हणाला,
"तुम्हालाही अडचण नको, त्यांनाही."
दार गल्लीकडे उघडत होतं.

निहालसिंग मिस्त्रीला नकाशा कळतो, पण तो बघत नाही.
भिंतीवर तळवा टेकवून उभा राहतो,
बाजारात बैल बघायला आलेल्या माणसासारखा.
"दगड घाटीगावचा. ती खाण बुजली.
आता मिळेल तो गुलाबट.
उठून दिसेल, बहनजी."

त्यावर त्याच्याकडे उपाय आहेत:
ताक, शेण, चहाच्या चोथ्याचं पाणी.
तुरटी नको, तिने दगड रडतो.
आणि काहीच नाही जमलं, तर चार उन्हाळे.
ग्वाल्हेरचा उन्हाळा कुणाला वेगळं राहू देत नाही.

मी सगळं लिहून घेते, दुधाच्या हिशेबाच्या वहीत.
छज्जा जुन्या छज्ज्याच्या ओळीत.
टोड्यांना खाली तशीच अर्धी कळी.
लिंबोणी तोडायची नाही, खोली दीड फूट आखडायची.
पटिया अकरा.

पटिया.
खामगावला आमच्या घरावर कौलं होती.
लग्न होऊन दौलतगंजात आले,
डोक्यावर नुसता आडवा दगड बघितला,
आणि पहिली रात्र जागून काढली,
हा पडला तर.
सासूबाई म्हणाल्या, "पडायचा असता
तर आधी आमच्यावर पडला असता."
आता माहेरचे म्हणतात, तुझं मराठी पार हिंदी झालं गं.
इथले म्हणतात, वहिनींचा वऱ्हाडी हेल काही जात नाही.

दिगू फोनवर म्हणाला, "ताई, मी भाडं देईन."
मग बराच वेळ काही नाही,
फक्त त्याच्याकडच्या पंख्याची कुरकुर.
मग: "दार वेगळं असेल ना?"

असेल म्हटलं तर तो पाहुणा.
नसेल म्हटलं तर
बहिणीच्या घरी राहणाऱ्या भावाला
आपल्या भाषेत एकही बरा शब्द नाही.
मी म्हटलं, औषधं वेळेवर घेतोस का.

मंगळवारी निहालसिंगने पश्चिमेची कड खरवडली.
तिथे एक आड एक दगड बाहेर आलेले आहेत,
वीतभर, वरपासून खालपर्यंत.
तीस वर्षं मी त्यांवर फडकी वाळवली.
वाटायचं, मामंजींचे पैसे संपले असतील,
काम तसंच राहिलं.
"राहिलं नाही," तो म्हणाला, "हे दात सोडलेत.
पुढची भिंत यांत अडकवायची."

मामंजींच्या मनात कोण होतं, आता विचारणार कुणाला?
दुसरा मुलगा असेल, तो झाला नाही.
भाडेकरू असेल.
खामगावचा दिगू नक्की नव्हता.
दगडाला तेवढं कळत नाही,
जो येईल तो धरायचा.

रात्री जेवणं झाल्यावर यांनी नकाशा मागितला.
चष्मा पुसला. पेन्सिलीला टोक केलं,
साल ताटातच पाडली.
गल्लीकडचं दार तसंच ठेवलं. "त्याला लागेल."
मग आपल्या जेवायच्या खोलीच्या भिंतीत
पट्टी न लावता, जरा वाकडी, एक फट काढली.
"आणि हे आपल्याला."
बस, एवढंच. मग बातम्या लावल्या.

सकाळी निहालसिंगने वाकडी रेघ बघितली, हसला नाही.
विचारलं, "आतल्या दाराची कडी कुठल्या बाजूने?"
यांनी माझ्याकडे बघितलं.
मी चहा गाळत होते,
चोथा वेगळा ठेवत, दगडासाठी.

"पाटच नको," मी म्हटलं. "पडदा लावू.
कापड नवं घेईन, गडद निळं.
ते कशाशी जुळवायचं नाही."